दातिवऱ्याच्या पिकअपचा छोटा लिव्हर

भुतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो, मानत मात्र नाही. बेटेगावात माझं गिअरबॉक्सचं गॅरेज आहे. ‘गाडी आपोआप असं करते’ म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं, आणि खोलल्यावर रोज काहीतरी झिजलेलं सापडतं. समोरचा शोरूमवाला फेटा बांधून, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून चावी देतो. मी ऑइल बदलून देतो. आमच्या श्रद्धेत फरक एवढाच.

दातिवऱ्याच्या मोरेश्वरकाकांनी त्यांची जुनी फोर-बाय-फोर पिकअप क्रेनला लावून आणली, कारण ती चालवायला घरचं कोणी तयार नव्हतं. सोबत धाकटा मुलगा निलेश. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

ही गाडी किनाऱ्यावर होड्या ओढायची. मागच्या हुकाला दोर बांधून होडी चढावर आणायची. ताणलेला दोर हुकातून निघत नाही, म्हणून ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवून, गिअरशेजारचा छोटा फोर-बाय-फोरचा लिव्हर न्यूट्रलला टाकायचा, ब्रेक जरासा सोडायचा... गाडी वीतभर मागे सरकते, दोर सैल पडतो. हा लिव्हर न्यूट्रलला असला की नेहमीचा मोठा गिअर पडलेला असूनही गाडी अडत नाही. हँडब्रेक तर खाऱ्या पाण्याने कधीच खाल्लेला. अपघाताच्या दिवशी निलेश गाडी चालवत होता आणि त्याचा थोरला भाऊ हरेश मागे हुकाशी होता. गाडी मागे आली आणि तो गाडी आणि होडीच्या मध्ये सापडला. जागेवरच गेला.

“मी इंजिन बंद केलं, गिअरमदी ठेवली, आन् चाकामागं लाकूड लावाला उतरलो,” निलेश म्हणाला. “छोट्या लिव्हरला हात नाय लावला.”

“मंग गाडीत दुसरा कोन होता?” काका हे माझ्याकडे बघून बोलले. “मिस्त्री, तुमी खोलून बगा. गाडीचा दोष असेल तर हा माज्या घरात राहील. नाय तर यानं दुसरं गाव बगावं.”

असा जॉब माझ्याकडे कधी आला नव्हता.

मनोरच्या रस्त्याला गाडी चढावर नेली, ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, खड्ड्यांतून घातली – त्यासाठी आमच्याकडे फार शोधावं लागत नाही. लिव्हर जागचा हलला नाही. मग सगळं उतरवून खोललं. पाणी शिरून ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. पण दात शाबूत, गिअर सरकवणारा फोर्क सरळ, लिव्हर धरून ठेवणारी स्प्रिंग कडक. शिवाय तो लिव्हर आधी तळहाताने खाली दाबावा लागतो, तेव्हाच ‘लो’मधून, म्हणजे ओझं ओढायच्या जागेवरून, सुटतो. नुसत्या धक्क्याने निसटणं शक्यच नाही.

थोडक्यात, निलेश खोटं बोलत होता.

हे बापाला तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवणं बरं, असं मला वाटलं. सगळं परत बसवून दोघांना बोलावलं. भर दुपारी, अंगणातल्या उतारावर गाडी उभी केली – ‘लो’, पहिला गिअर, इंजिन बंद. चाकांच्या जरा मागे लाकडं ठेवली. आम्ही तिघे खिडकीशी उभे. आत कोणी नाही.

“बघा काका,” मी म्हटलं, “अशी ठेवली की ही हलत नाही...”

लिव्हर खाली दबला. तसाच क्षणभर थांबला. मग सावकाश न्यूट्रलला आला. गाडी मागे सरकली आणि लाकडांवर टेकली.



“दादा असाच टाकायचा,” निलेश म्हणाला. “दाबून थांबायचा, मंग ओढायचा. मी चिडवायचो त्याला... लिव्हरला झोपवतोस का म्हणून.”

काकांनी दार उघडलं. आत वाकून लिव्हर दाबला, परत ‘लो’ला टाकला, आणि हात तिथेच राहू दिला.

“कललं, पोरा,” ते रिकाम्या सीटकडे बघून म्हणाले. “नेतो त्याला घरी.”

मग निलेशकडे वळून, “चल. आई जेवाला थांबली हाय.”

गाडी भंगारात द्या, असा त्यांचा निरोप आला. मी अजून दिलेली नाही. दोनदा खोलली, उन्हात तापवली, वजन लादून उतारावर ठेवली. लिव्हर पुन्हा हलला नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. वाचकांपैकी कोणी हे काम करणारं असेल आणि त्याला कारण ठाऊक असेल, तर मला जरूर कळवा. दातिवऱ्याला कळवू नका.