सुनंदाबाई आणि वीस आकडी संख्या

सुनंदाबाईंचा पटकन कुणावर विश्वास बसत नसे. पापलेटाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय त्या कोळणीच्या पाटीपाशी दर विचारत नसत. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवून ही सवय आणखी मुरली होती.

त्यामुळे त्यांची मुलगी श्रुती दर्शनला रत्नागिरीच्या घरी घेऊन आली, तेव्हा चहा देतादेताच बाईंची चौकशी सुरू झाली. मुलगा संगमेश्वरचा, कॉलेजात गणित शिकवतो म्हणे. म्हणतो खरा, पण कशावरून?

त्याच्या विषयाबद्दल विचारल्यावर दर्शन खुलला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्याने लिहिलं : १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

"एकपासून दहापर्यंत चढायचं आणि परत एकपर्यंत उतरायचं. एवढी मोठी, पण मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर हिला कशानेच भाग जात नाही."

इतकी सुबक दिसणारी संख्या मूळ? फेकतोय, असं बाईंना वाटलं.

तो गेल्यावर त्या पेन घेऊन बसल्या. आधी दहा वगळून, नऊपर्यंतच चढून उतरणारी संख्या लिहिली. अंकांची बेरीज एक्याऐंशी, म्हणजे नऊने भाग जाणार. आणखी खटपट केल्यावर ती चक्क १११११११११ चा वर्ग निघाली. मग हिची बहीण तेवढी मूळ कशी? संशय बळावला. पण दर्शनच्या संख्येला तीनने भाग जाईना. सात, अकरा, तेरा, कशानेच जाईना. सदतीसने भागताना आमटी करपली.

श्रुतीने हसून विचारलं, आता तरी पटलं का?

"पुढचा कुठला तरी भाजक लपलेला असेल गो," बाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी दर्शनला पुन्हा बोलावलं आणि सरळ विचारलं, "तू स्वतः भागून बघितलंस?"

"नाही," तो म्हणाला. "हाताने भागत बसलो तर जन्म पुरणार नाही. पुस्तकात वाचलं, मग संगणकाला विचारलं, तोही हो म्हणाला. त्याने ते कसं ठरवलं, हे मी ओळीओळीने तपासलेलं नाही. तेवढं मानून चाललोय."

बाईंच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा मुंबईच्या गोदीत कायम आहे, असं मध्यस्थापासून मामापर्यंत सगळ्यांनी शपथेवर सांगितलं होतं. त्याला नोकरीच नव्हती. आपण स्वतः खात्री केलेली नाही, असं तेव्हा एकानेही म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाईंनी लग्नाला होकार दिला. तरी त्या संगमेश्वरला जाऊन आल्याच. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, कॉलेजच्या फाटकाशी उभ्या राहून दर्शन वर्गात जाताना बघितला. श्रुतीला हे कळलं तेव्हा ती भयंकर चिडली आणि आईशी बोलेना. दर्शननेच तिची समजूत काढली. मग दिवाळीनंतरची तारीख ठरली.