बगळ्याच्या पायातला मास्क

मलकापुरात नदीच्या पुलाजवळ माझ्या न्हाव्याचं सलून आहे. तो गिऱ्हाइकाशी बोलतो ते आरशातून, आणि स्वतःच्याच विनोदावर हसू आलं की वस्तरा बाजूला ठेवून मनसोक्त हसतो.

कोरोना ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. माझी एका गालाची दाढी झाली होती. तेवढ्यात त्याला खिडकीतून नदीत धडपडणारा बगळा दिसला. कुणीतरी फेकलेल्या मास्कच्या दोऱ्या त्याच्या पायांत गुंतल्या होत्या.

"चला सायेब, लवकर!" म्हणत तो कैची घेऊन पळाला. तोंडावरच्या फेसासकट मीही मागोमाग. गुडघाभर पाण्यात मी बगळ्यावर टॉवेल टाकून त्याला धरलं.

"भिऊ नको बे, तुयी कटिंग नाई करून राह्यलो," अशी समजूत काढत त्यानं हळूच दोऱ्या कापल्या. बगळा उडाला. पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा पाण्यातच नाचला.

मग तो तरंगणारे बाकीचे मास्क गोळा करू लागला.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"हे वाहत वाहत समुद्रात जातीन ना," तो हसत म्हणाला. "तिथं कैची घेऊन कोन उभं हाये?"