आयाबाईची अपुरी शीट

नागपुरात कुणाला भांडण उसनं पाहिजे असेल तर त्याने आमच्या आयाबाईकडे जावं. तिच्याकडे ते बाराही महिने असतं, आणि दिलेलं परत मागायची तिला सवय नाही. माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा पुण्याच्या मुलाने फोनाफोनी करून आया पुरवणाऱ्या एका ब्युरोतून ही बाई लावून दिली. महाल भागातून आमच्या मनीषनगरला ती दोन ऑटो बदलून यायची. ती दिसायच्या आधी तिचा आवाज जिन्यातून वर यायचा, कारण सुट्ट्या पैशांवरून ऑटोवाल्याशी लागलेलं भांडण ती तिसऱ्या मजल्यापर्यंत एकटीच चालू ठेवायची. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म इतवारीत धान्याच्या तराजूजवळ गेला, आरडाओरडा मला नवा नाही. तरी पहिल्याच दिवशी मी बायकोला म्हटलं, "हे पेशंटची सेवा कराले आली का पेशंट पळवून लावाले?" बायको म्हणाली, "राहू द्या जी. घरात आवाज पाहिजे."

आवाज भरपूर मिळाला. डॉक्टर तपासून उठले की ही दारात आडवी. "जीभ पाहिली नाही तं फी कायची?" डॉक्टर बिचारे परत बसून जीभ पाहायचे. आमचा कूलर मेकॅनिकच्या बापाचंही ऐकत नव्हता, हिने एक थापड मारली की निमूट फिरायला लागायचा. टीव्हीतल्या सासूला ती नाव घेऊन शिव्या द्यायची आणि जाहिरात लागली की तेवढ्यात माझ्याकडे वळायची. पण बायकोला कुशीवर वळवताना, न्हाऊ घालताना तेच हात असे काही चालायचे की बायको त्यातच झोपी जायची. जिभेला वरवंटा आणि हाताला कापूस, देवाने एकाच बाईत दोन बायांचा माल भरला होता.

ब्युरोचा एक कागद असायचा, त्याला ती शीट म्हणायची. रोज आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि शेवटी घरच्या माणसाची सही. सही बायको करायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, आणि त्यात तिला भारी मजा यायची. "आज वेणी वाकडी घातली वं. सही नाही करत."

"नका करू. मी बसते इथंच. रात्री भाजी काय करून राहिले ते सांगा फक्त."

अशी एकेक सही अर्धा अर्धा तास चालायची. मग बायकोच्या हातात पेन राहीना. मी म्हटलं, आण, मी करतो. तर बाईने कागद पदराआड लपवला आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली. "तुम्ही केली तं काकूले वाटन का आपलं काम संपलं. हात बरा झाला का त्या एकदमच करतीन."

हात काही बरा झाला नाही.

बायको गेल्यावरही बाई येतच राहिली. कधी कढी घेऊन, कधी रुमाल राहिला म्हणून, कधी नुसती ओरडायला. मलाही बरं वाटायचं, म्हणून मी कारण विचारलं नाही. मग एक दिवस ब्युरोतल्या पोरीचा फोन आला. सेवा कशी होती, पाचपैकी किती मार्क देता? मी म्हटलं, पाच द्या, आवाजाचे वेगळे द्या. आता बाई कुठे लागली?

"कुठेच नाही, काका. तिची शीट अपुरी आहे. महिन्याचा पगार थांबवलाय, आणि ते मिटल्याशिवाय नवीन ड्युटी देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाई आली तशी मी तिला धरलं. "तुया घरमालक खोली खाली कराले सांगून राहिला असन, अन् तू मले कढी पाजून राहिली? दहा रुपयांसाठी ऑटो अडवते, मले एक शब्द काहून नाही बोलली?"

ती पिशवीचा बंद पिळत बसली. "सुतकाच्या घरी सही कशी मागू जी? मंग तेरवी झाली. मंग वाटलं, काकाजी आता कुठं दोन घास खाऊन राहिले, कायले आठवन द्या."

मी चपला घातल्या आणि तिला घेऊन ब्युरो गाठला.

ब्युरोचा साहेब काचेच्या खोलीत बसला होता. म्हणाला, "काकाजी, नियम आहे. शीट पूर्ण नाही तर पगार नाही."

"बाई कामावर आली का नाही?"

"आली असेल."

"मंग माह्याकडून पूर्ण महिन्याचं बिल घेतलं तवा शीट पाहिली होती का? माहे पैसे घेताना बाई आली होती, तिचे देताना आलीच नाही. असा तराजू आमच्या इतवारीत ठेवला असता, तं हमालांनी तुमच्या डोक्यात घातला असता."

साहेब हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "खरं सांगू? केलेल्या कामाचा पगार शीटपायी अडवता येत नाही, आमचा वकीलही हेच सांगतो. पण अडवला नाही तर एकही जण शीट भरत नाही."

"मंग त्याइच्यावर ओरडा. बाई शिकवीन तुम्हाले."

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "पगार देतो, आत्ता देतो. तुम्ही तेवढ्या सह्या करा, म्हणजे माझंही काम होईल."

"काकूच्या रकान्यात?" बाई म्हणाली.

वर बायकोच्या सह्या होत्या. खाली खाली येताना तिरप्या होत गेलेल्या, मग नुसते रिकामे चौकोन. मी एकेक अक्षर जुळवत सही करत गेलो. माझी सही बैलगाडीएवढी, चौकोनात मावत नव्हती. बाई बाजूला उभी होती, आणि इतका वेळ ती गप्प राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. पगार हातात पडला, तिने दोनदा मोजला, आणि बाहेर येऊन ऑटोवाल्यावर अशी तुटून पडली की माझ्या जिवात जीव आला.

त्याच आठवड्यात तिला इतवारीकडे एका आजीची ड्युटी लागली. आता ती येत नाही. यायला तिला वेळ कुठला, आणि तिला ड्युटीसाठी मोकळी मीच करून दिली. संध्याकाळी फोन मात्र येतो.

"काकाजी, जेवले का?"

"जेवलो."

"खोटं. आवाज उपाशी येऊन राहिला."

मागे कुणीतरी म्हातारी खुदखुदत असते. मी फोन कानाशी धरूनच उठतो, गॅस पेटवतो, आणि तिला ऐकू जावं म्हणून भाताचा गंज त्यावर जरा आपटूनच ठेवतो.