जुनी गाडी, नवी गाडी आणि मास्तर

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. खडू त्यांनी कधी हातात धरला नव्हता. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे, म्हणून मास्तर. "क्लच! अरे बाबा, क्लच दाब की!" असं ओरडून ओरडून घसा बसला आणि डावा गुडघा तर कामातूनच गेला. स्कूल बंद पडलं, जुनी गाडी तेवढी उरली. तिच्यातूनच ते बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचे. हल्ली सगळ्याचाच कंटाळा यायचा, अगदी किल्ली फिरवायचासुद्धा. पण सांगता कुणाला?

अशात मुलानं नवी कोरी, बिनक्लचची गाडी दारात आणून उभी केली. म्हणाला, "आईसाठी घेतलीय, बाबा. जागा एकाच गाडीची आहे. जुनी आता काढून टाकू."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठरवणारा तू कोण? मागे बसते तुझी आई. तीच ठरवेल कुठली ठेवायची ते!"

सुट्टीच्या दिवशी परीक्षा झाली. दवाखान्याचाच रस्ता; आधी जुनीतून, मग नवीतून. बायको पाठीशी उशी घेऊन मागच्या सीटवर.

जुनीचं स्टिअरिंग वळवताना खांदे भरून आले, पण रस्ता कसा आहे ते तळहाताला कळत होतं. चढ तिनं कुरकुरत का होईना, चढला. वळणावर मात्र अंग टाकून झुकली. आणि ब्रेक? तो लागायला हवा असेल तर आधीच अर्ज करून ठेवावा लागे!

नवीत चढ कधी संपला ते कळलंच नाही. वळणावर ती जराही कलली नाही. स्टिअरिंग एका बोटानं फिरे, पण रस्त्याबद्दल चकार शब्द बोलेल तर शपथ. "मुकी आहे मेली," मास्तर पुटपुटले. मनातून ती आवडायला लागली होती आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

तेवढ्यात सिग्नल लाल झाला. सवयीनं डावा पाय क्लच दाबायला गेला तो थेट ब्रेकवर, आणि तोही पूर्ण जोरानं. गाडी जागच्या जागी थिजली. बायकोचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. सिग्नल सुटल्यावर त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. "अगं, लागलं का फार? बघितलंस ना? ही आपल्याला नाही झेपायची. जुनीच ठेवू."

"नवीच ठेवा," कपाळ चोळत बायको म्हणाली.

"एवढं आपटल्यावर?"

"हो. जुनीत मला भीती वाटते."

"ब्रेकची ना? करून घेतो मी."

"ब्रेकची नाही हो, तुमची. चढावर क्लच धरून थांबता ना, तेव्हा पाय लटलट कापतो तुमचा. मला मागून दिसतो. जीव मुठीत धरून बसते मी."

मास्तरांना रागवायचं होतं, पण जमेना. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तेवढीच तर राहिलीय तुमच्याकडे."

मास्तरांनी गाडी बंद केली.

"मलाही भीती वाटते गं," ते म्हणाले. "किल्ली हातात घेतली की परत खुंटीला लावावीशी वाटते. आणि दमलोय मी. फार दमलोय."

"मग पोराला बोलवा. चालवू दे."

मास्तरांनी मुलाला फोन लावला. मग ड्रायव्हरची सीट सोडून ते खाली उतरले आणि मागचं दार उघडलं. बायकोनं उशी उचलून त्यांना जागा करून दिली.