चालेल, चालणार नाही

माझा स्वभाव पहिल्यापासून निकाल लावून मोकळं होण्याचा. घास तोंडात जायच्या आत मी मीठ कमी आहे म्हणून सांगते, असं माझा नवरा म्हणतो. त्यामुळे गावातल्या बायकांनी आपापले फोन माझ्यापुढे आणून ठेवले, याचं मला नवल वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, छातीच फुगली.

ताडकळसच्या रस्त्यावरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते. परभणीहून रोज स्कूटीने जाते-येते. दिवाळीनंतरच्या पालकसभेत सगळ्यांची एकच तक्रार होती: पोरं फोनवर गेमचे व्हिडिओ बघत बसतात, जेवायलासुद्धा उठत नाहीत. स्वतः खेळतही नाहीत, दुसरा कोणी खेळतो ते बघतात. सभा संपल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मागे थांबली. कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. घरातला जुना फोन तिने पदराला पुसून माझ्या हातात दिला.

"मॅडम, मी दिवसभर रानात. पोरगी शाळंतून आली की हेच बघत बसायली. हे लेकराला चालतंय का न्हाई, तेवढं तुमी बघून सांगा. तुमी चालतंय म्हणलं की मला फिकीर न्हाई."

तिचं बघून आणखी सात-आठ जणी आल्या. मी म्हटलं, आणा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी वर्गात एकटी बसायचे आणि फोन आडवा धरून एकेक व्हिडिओ बघायचे. बघायचे म्हणजे वह्या तपासतो तसे. पहिलं पान, शेवटचं पान, मधली दोन-चार चाळायची आणि लाल पेनाने बरोबरची खूण. वर्गभर वह्या असतात, शितावरून भाताची परीक्षा करायची आम्हा शिक्षकांना सवयच लागते. रक्त दिसलं, बाद. शिवी ऐकू आली, बाद. एका व्हिडिओतला खेळणारा हरला की टेबलावर मुठी आपटून किंचाळायचा. तोही बाद, कारण माझ्या वर्गातले दोघं हुबेहूब तसंच किंचाळायला लागले होते. बंदुकांचे तर सगळेच बाद केले. त्यावरून एक वडील तणतणत शाळेत आले. "खोटंखोटंच तर हाय की मॅडम." मी म्हटलं, "बंदूक खोटी, पण तुमच्या पोराचं किंचाळणं खरंय ना?" ते आले तसे परत गेले, आणि तो विजय मला दिवसभर पुरला.

त्या मुलीचा आवडता व्हिडिओ मात्र मला पहिल्याच मिनिटात पसंत पडला. चौकोनी ठोकळ्यांचं गाव, विहीर, गव्हाचं शेत आणि कोंबड्या. खेळणारा कुठे दिसत नव्हता, नुसता गोड आवाज. कोंबड्यांना दाणे टाकताना हिंदीत त्यांच्याशी गप्पा मारायचा. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. मलाच बघत बसावंसं वाटलं. मी कागदावर दोन रकाने आखले, 'चालेल' आणि 'चालणार नाही', आणि कागद वर्गाच्या भिंतीला चिकटवला. कोंबड्यांचा व्हिडिओ 'चालेल'मध्ये सगळ्यांत वर होता.

महिना-सव्वा महिन्यानंतरची गोष्ट. ताडकळसचा बाजार होता. खिचडी खाऊन पोरं वर्गात परत आली, मी हजेरी घेतली, आणि त्या मुलीची जागा रिकामी दिसली. सकाळी तर ती आली होती. तिच्या शेजारी बसणारी गाल फुगवून खाली बघत होती.

"कुठे गेली गं ही?"

"मला न्हाई माहीत."

माहीत नसलेलं पोर असं गाल फुगवत नाही. मी जवळ जाऊन बसले. मग तिने सांगितलं, तेही रागानेच. "फाट्यावर गेली. तिचा कोंबडीवाला दादा येणार हाय. व्हिडिओतला. तिला पिल्लू देणार हाय. मी पण येते म्हणलं तर मला म्हणली, त्यानं एकटीलाच बोलवलंय."

एकटीलाच. वर्ग चौथीच्या सरांवर टाकला, मुख्याध्यापकांना दारातूनच दोन वाक्यं सांगितली आणि स्कूटी काढली.

गावापासून फाटा दीड-दोन किलोमीटर. एरवी या वाटेला माणूस दिसत नाही, पण बाजाराच्या दिवशी जीप, टेम्पो, तिघं-तिघं बसलेल्या मोटारसायकली, नुसती रांग. धुळीने निम्म्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर मी लहान पोर शोधत होते. एका मोटारसायकलवर पुढे टाकीवर एक मुलगी बसलेली दिसली आणि मी गाडी आडवी घालून ओरडले, "थांबा!" त्या माणसाने घाबरून ब्रेक दाबला. मुलगी दुसरीच होती, त्याची स्वतःची. "काय झालं मॅडम?" तो विचारत राहिला. मी तोवर पुढे निघाले होते.

फाट्यावर चहाच्या हॉटेलापाशी ही गर्दी. मी हॉटेलवाल्याला विचारलं, "शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी बघितली का?" तो म्हणाला, "न्हाई बा." एसटीच्या थांब्यात बघितलं, नाही. पानटपरीच्या मागे बघितलं, तिथेही नाही. रस्त्याच्या पलीकडे एक जीप सुटत होती. मी धावत जाऊन तिच्या मागच्या दाराला हात घातला, आतल्या बायका माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. आत नव्हती. नाही सापडली तर तिच्या आईला काय सांगू, एवढाच एक विचार डोक्यात घणासारखा बसत होता.

मग पुलाच्या कठड्यावर पिवळं काहीतरी दिसलं.

ती शाळेच्या ड्रेसमध्ये नव्हतीच. मधल्या सुट्टीत घरी जाऊन तिने दिवाळीचा पिवळा फ्रॉक घातला होता, केसांना तेल लावून पुन्हा वेणी घातली होती. मांडीवर एक पिशवी होती. मला बघून ती ओशाळली, पण उठली नाही.

"मॅडम, अजून आला न्हाई दादा."

मी आधी तिचा दंड धरला, इतका घट्ट की ती कळवळली. मग मिठी मारली. मारावंसंही वाटत होतं आणि रडावंसंही. पिशवीत काय आहे विचारलं तर तिने उघडून दाखवली. दोन मुठी ज्वारी होती, पिल्लाला घालायला.

मी मान वर करून फाट्याकडे बघितलं. रुमाल बांधलेले, चहा पिणारे, फोनवर बोलणारे, गाडीला टेकून उभे असलेले. त्यांतला कोणी एक तो होता, की कोणीच नव्हता, मला आजतागायत माहीत नाही.

शाळेत परत आलो तोवर मुख्याध्यापकांनी पोलिसांना फोन लावला होता आणि रानातून तिच्या आईला बोलावून घेतलं होतं. ती कमरेला कापसाची झोळी तशीच ठेवून आली होती. पोरीला कुशीत घेऊन ती कार्यालयात खालीच बसली. घरून फोन आणवला. मी तो व्हिडिओ उघडला, आणि या वेळी फोन उभा धरला.

आडव्या फोनमध्ये नुसता व्हिडिओ दिसतो. उभा धरला की खाली लोकांनी लिहिलेलं दिसतं. कितीतरी लेकरांनी आपलं नाव, गाव, इयत्ता लिहून टाकली होती. त्यांत आमची होती. तिने माइक दाबून बोलून लिहिलं होतं, आधी नाव-गाव आणि मग हे:

'मी इयत्ता तिसरीत शिकते. माझ्या गावाला येण्यासाठी फाट्यावर उतरावे लागते. माझी आई दिवसभर शेतात कष्ट करते. मी शाळेतून आल्यावर घरी एकटी अभ्यास करते.'

वाक्यं माझी होती. 'माझा परिचय' मीच फळ्यावर लिहून दिला होता आणि वर्गाकडून आठवडाभर घोकून घेतला होता. कोणी विचारलं तर लाजायचं नाही, धीटपणे पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, असं मी रोज बजावत होते. तिने लिहिलेल्याच्या खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं. त्याच्या नावाशेजारी त्याच कोंबडीचं चित्र, म्हणून पोरीला तो व्हिडिओतला दादाच वाटला. 'शाब्बास! किती छान लिहितेस. मी पण परभणीचाच.' पुढे पिल्लाचं, फाट्याचं, बाजाराच्या दिवसाचं आणि शेवटी, 'मम्मीला सांगू नको, मजा जाईल.'

"काय लिवलंय मॅडम?" आईने विचारलं. "माझ्या पोरीनं काय वंगाळ लिवलंय का?"

"न्हाई ताई," मी म्हटलं. "काही वाईट लिहिलं नाही." आणि सगळं वाचून दाखवलं.

मुख्याध्यापकांनी मला सांभाळून घेतलं. "मॅडमनं बघितलं तवा हे लिवलेलं नव्हतं. नंतरचं हाय हे." खरंच होतं, पोरीचं लिहिणं नंतरचंच होतं. पण बाकीच्या लेकरांची नावं-गावं कितीतरी जुनी होती, माझ्या यादीच्या आधीची. फोन माझ्याच हातात होता, आणि ते माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं. मी गप्प बसले असते तर तिथेच मिटलं असतं.

"न्हाई ताई," मी म्हटलं. "इतर लेकरांनी लिहिलेलं तेव्हाही खाली होतं. मी खाली बघितलंच नाही. पूर्ण न बघताच चालेल म्हणाले. चूक माझी आहे."

मला वाटलं ती आता बोलेल, चार शब्द सुनावेल. मी वाटच बघत होते. ती पोरीच्या फ्रॉकवरची धूळ झटकत राहिली.

"मला वाचता आलं असतं," ती शांतपणे म्हणाली, "तर मी तुमच्याकडं कशाला आले असते, मॅडम?"