फुलबॅकला मत कोण देतं? सिडनी ते ब्रिस्बेन, गाडीने

विमानाने दीड तासात पोचता येतं, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये कोणी सांगायला नको. पण २०२१ चा मे महिना होता, क्वीन्सलँडची सीमा कधी उघडेल आणि कधी बंद होईल याचा काही नेम नव्हता, आणि विमान ऐनवेळी रद्द झालं की पैसे व्हाउचरमध्ये अडकायचे. गाडी असली की निदान उलटं वळता येतं, असं हेमंतचं म्हणणं. हेमंत म्हणजे माझा नवरा. सिव्हिल इंजिनियर, पुण्याचा, नकाशा बघितल्याशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाही.

जायचं कारण रेवा, आमची एकुलती एक मुलगी. ब्रिस्बेनच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि युनीच्या मुलींच्या फुटी टीममध्ये फुलबॅक खेळायची. फुटी म्हणजे इथला फुटबॉल: मैदान लंबगोल, बॉल लंबगोल, पायानेही खेळायचा आणि हातानेही. फुलबॅक म्हणजे आपल्या गोलसमोरची शेवटची डिफेंडर. समोरच्या टीमची सगळ्यात धोकादायक मुलगी हिच्या गळ्यात, आणि तिला गोल करू द्यायचा नाही एवढंच काम. "आई, लास्ट सीझन आहे," रेवा फोनवर म्हणाली. "मग जॉब लागला की वीकेंडला शिफ्ट. एकदा तरी बघायला या ना." आदल्या वर्षी कोविडमुळे आम्ही तिची एकही मॅच बघितली नव्हती. मी सिडनीत वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, ते वर्ष कसं गेलं ते विचारूच नका. रजा मागितली तेव्हा बॉस म्हणाली, जाऊन ये, पुढे मिळेल की नाही सांगता येत नाही. त्या बाईला कुठून कळलं होतं कोण जाणे.

गुरुवारी सकाळी उजाडता उजाडता निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: सिडनीतून बाहेर पडताना टोलचा बोगदा घ्या, ट्रॅफिकमध्ये जीव आटवण्यापेक्षा तो परवडतो. न्यूकॅसल मागे पडलं की हायवे मोकळा आणि सुंदर आहे. दोन्ही बाजूंना निलगिरी आणि मधूनमधून कोआला जपा म्हणणाऱ्या पाट्या. कोआला एकही दिसला नाही. केम्पसीच्या अलीकडे एका रेस्ट एरियात बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि थर्मासमधला चहा झाला. शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या आजोबांनी लांबूनच विचारलं, सिडनीहून का? हो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची आणखी दोन हात लांब नेली. राग नाही आला, तेव्हा सगळेच तसे वागत होतो.

वाटेत हेमंतचं भाषण चालू होतं. रेवाच्या क्लबात सीझनच्या शेवटी 'बेस्ट अँड फेअरेस्ट' म्हणून बक्षीस देतात. वर्षभरातली सगळ्यात चांगली आणि सचोटीने खेळणारी खेळाडू. तिचं नाव क्लबच्या भिंतीवरच्या लाकडी बोर्डावर सोनेरी अक्षरांत लिहितात. त्या बोर्डावर आजवर एकही डिफेंडर नाही. सगळ्या मिडफिल्डच्या, नाहीतर गोल मारणाऱ्या. यंदा रेवाचा नंबर लागू शकतो, असं तिची कोच म्हणाली होती आणि पोरगी ते मनाला लावून बसली होती. आता हेमंत कॉलेजात असताना विकेटकीपर होता, त्यामुळे हा विषय त्याच्या जिव्हाळ्याचा. "बक्षीस देणाऱ्यांची नजर बॉलच्या मागे पळते," तो स्टिअरिंगवर बोट आपटत म्हणाला. "बॉल जिच्याकडे, ती हिरॉइन. जिच्यामुळे बॉल आलाच नाही, ती कोणाला दिसतच नाही. मूर्ख आहेत सगळे." टारी ते कॉफ्स हार्बर मी हे ऐकलं. पटलंही होतं. पण किती वेळ मान डोलावणार, शेवटी डोळे मिटून घेतले.

कॉफ्स हार्बरला मुक्काम. शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये स्वच्छ मोटेल मिळतं, फक्त हायवेच्या बाजूची खोली घेऊ नका, रात्रभर ट्रक जातात. तिथलं ते अवाढव्य सिमेंटचं केळं सगळे बघतात, आम्हीही बघितलं. त्यापेक्षा संध्याकाळी जेट्टीवर चाला. वारा गार असतो, स्वेटर न्या. दुसऱ्या दिवशी उसाची शेतं लागली आणि हेमंतने काच खाली केली. सांगलीचं आजोळ आहे त्याचं. ट्वीडला सीमेवर पोलीस बाजूला उभे होते, त्यांनी हातानेच जा म्हणून खूण केली आणि माझा जीव भांड्यात पडला.

ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला हेमंतचा मावसभाऊ संजू राहतो, तिथे उतरलो. तळ्याभोवती छान पायवाट आहे आणि तिथे मराठी इतकं ऐकू येतं की मागून कोण येतंय ते न बघताच नमस्कार करावा. जेवताना परत तोच विषय. संजू मुद्दाम काड्या घालणाऱ्यांतला.

"अरे, गोल होऊ दिला नाही, यात दिसतं काय?" तो म्हणाला. "जे घडलंच नाही त्याला बक्षीस कसं देणार? वहिनी, तुम्हीच सांगा."

"घडलं नाही म्हणजे कोणीतरी घडू दिलं नाही," हेमंत म्हणाला.

"मग ते ओळखणारा माणूस मत द्यायला बसव. आहे का कोणी?"

"सापडेल कधीतरी," हेमंत म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

शनिवारी मॅच. मैदानावर शिरताना फोनने क्यूआर कोड स्कॅन करायचा, मग हाताला सॅनिटायझर. एका कोपऱ्यात सॉसेज सिझल चालू होतं. आम्ही सॉसेज खात नाही म्हटल्यावर त्या मुलाने ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा आणि सॉस घालून दिला. तो इतका छान लागतो की मी दोन खाल्ले.

आणि मग मी माझ्या मुलीला खेळताना बघितलं. समोरच्या टीमची फॉरवर्ड उंचच्या उंच होती. दर मॅचला गोलांची रास घालते, असं शेजारची बाई सांगत होती. बॉल हवेत यायचा, ती झेपावायची आणि नेमकी त्याच क्षणी मागून रेवाची मूठ यायची आणि बॉल बाहेर. झेलायचा नाही, फक्त उडवून लावायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मधल्या वेळात ती सतत ओरडत होती, कोणी कुठे उभं राहायचं ते सांगत होती. मला वाटायचं ही घरात बोलत नाही. टाळ्या मात्र ब्रुकला पडत होत्या. ब्रुक त्यांची मिडफिल्डर, सोनेरी वेणी, बॉल घेऊन सुसाट पळायची आणि खरोखर छान खेळायची. हेमंत कुंपणाला धरून उभा होता. एकदा पुटपुटला, "बघ, बघ. बॉल सुटायच्या आधीच ती तिथे पोचली होती." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून लिहून ठेवते. त्या उंच मुलीला त्या दिवशी एकही गोल मिळाला नाही आणि रेवाची टीम जिंकली.

मॅच संपल्यावर कोच केरी आमच्याकडे आली. त्या क्लबात दर मॅचला तिघं मतं देतात: कोच, कॅप्टन आणि प्रेक्षकांतलं एक माणूस. प्रत्येकाने त्या दिवशीच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला तीन, दुसरीला दोन आणि तिसरीला एक मत द्यायचं. सीझनच्या शेवटी सगळ्यांसमोर बेरीज. प्रेक्षकांतला मान जो सगळ्यात लांबून आला त्याला.

"मेट, सिडनीहून आलास, आजची मतं तुझी," केरी हेमंतला म्हणाली.

"माझी मुलगी खेळतेय," हेमंत म्हणाला.

"मग? इथे प्रत्येकजण कोणाची तरी मुलगीच आहे," केरी हसून म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली.

तो परत आला तेव्हा मी विचारलं, कोणाला दिलीस? "गुपित असतं ते," म्हणाला. मी हसले. मला पुन्हा विचारायची गरजच वाटली नाही.

गाडीत बसल्यावर रेवाने मागून विचारलं, "सो, बाबा, हाऊड आय गो? कशी खेळले?" चेहरा लालबुंद, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. "बरी खेळलीस," हेमंत म्हणाला. "दुसऱ्या क्वार्टरमध्ये एकदा पाय घसरला, तेवढा सांभाळ." आमच्याकडे 'बरं' म्हणजे 'फार छान', हा अर्थ तिला लहानपणापासून मीच समजावून सांगत आले आहे. त्या दिवशी मी दमले होते. म्हटलं, कळलं असेल तिला. मग आम्ही संजूकडे जाऊन मिसळ खाल्ली, रविवारी नदीवरच्या फेरीत फिरलो, बोटॅनिक गार्डन बघितलं. हे सगळं तुम्हीही करा. ब्रिस्बेनचा मे महिना फार सुंदर असतो. ऊन आपल्याकडच्या डिसेंबरसारखं अंगावर घ्यावंसं वाटतं.

परत आल्यावर महिन्याभरात सिडनीत लॉकडाउन लागला आणि क्वीन्सलँडने दार लावून घेतलं. लॅबमध्ये सॅम्पलचे ढीग. रेवाची मॅच आता फोनवरच्या फोटोंत. सीझन संपला तरी आम्ही घरापासून पाच किलोमीटरच्या सरकारी वर्तुळातच होतो, म्हणून क्लबने लांबच्या पालकांसाठी बक्षीस समारंभ झूमवर ठेवला. रविवारी दुपारी हेमंतने इस्त्रीचा शर्ट घातला, मी शिरा केला. लॅपटॉपवर त्यांचा हॉल दिसत होता. पहिल्याच टेबलावर रेवा, हिरव्या ड्रेसमध्ये.

कॅप्टन माइकवर एकेका मॅचची मतं वाचत होती, कोणी कोणाला किती दिली ते नावानिशी. त्यांच्यात त्याचीच मजा असते. सुरुवातीच्या एका मॅचला ब्रुकची आई पाहुणी होती, तिने चक्क पहिल्या नंबरची तीन मतं ब्रुकला दिली होती. हॉलमध्ये हशा पिकला, कोणीतरी ओरडलं, "गुड ऑन यू, मम!" ती बाई उठून वाकून नमस्कार करून बसली. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग आमची मॅच आली. कोचची तीन मतं रेवाला. कॅप्टनची तीन मतं रेवाला. "सपोर्टर, रेवाज डॅड," कॅप्टन म्हणाली आणि सगळे आधीच हसायला लागले. "तीन, ब्रुक. दोन..." दुसरं नाव कोणाचं तरी होतं, तिसरंही. रेवाचं नव्हतं. हसू मधेच थांबलं. कॅप्टनने कागद उलटून बघितला आणि पुढे वाचायला लागली. मी हेमंतकडे बघितलं. तो स्क्रीनवरच बघत होता.

शेवटी ब्रुक एका मताने जिंकली. रेवा उठली, तिने ब्रुकला मिठी मारली आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. मला ते बघवेना.

"का रे असं केलंस?" लॅपटॉप बंद झाल्यावर मी विचारलं.

"आपल्याच मुलीला कसं देणार?" तो म्हणाला. "पाहुणा म्हणून मान दिला त्यांनी. मी काय घरातच वाटून घेऊ? वाटलं, बाकीचे दोघं देतीलच. तिचं कौतुक त्यांनी करायचं, आपण नाही."

मला त्याला खूप बोलायचं होतं, पण जमलं नाही, कारण मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. दुसरं कोणी बोललं की तेवढ्यावर खूश होऊन गप्प बसायचं, हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून शिकवलेलं आहे.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. हेमंत म्हणाला, "अगं, त्या दिवशी तूच सगळ्यात चांगली खेळलीस. मी बघितलं ना."

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "डिफेंडरला कोण देतं?"

हायवेभर ज्यांना मूर्ख म्हणत आला होता, त्यांच्यातच तिने त्याला बसवलं होतं, आणि तेही अगदी सहज, न चिडता. त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला, आपली पद्धत, लोक काय म्हणतील, वगैरे. ती "हं, हं" करत राहिली आणि मग म्हणाली, उद्या हॉस्पिटलात प्लेसमेंटची ड्युटी आहे, लवकर उठायचंय.

डिसेंबरात सीमा उघडली आणि रेवा घरी आली. नोकरी ब्रिस्बेनलाच लागली आहे, शनिवार-रविवार धरून. फुटी सोडली. पहिल्याच रविवारी आम्ही चार घरं जेवायला बोलावली होती. श्रीखंड वाढताना हेमंत मध्येच थांबला, हातात वाटी तशीच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ब्रिस्बेनला मी जी मॅच बघितली ना, त्यात सगळ्यात चांगली आमची रेवा खेळली. तिच्या तोडीचं मैदानावर कोणी नव्हतं." तिच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा तो चारचौघांत असं बोलला. त्याचे कान लाल झाले होते.

रेवाने वर बघितलं. "थँक्स, बाबा," ती म्हणाली. दुकानात आपल्यासाठी दार धरून ठेवणाऱ्याला म्हणतो, तशा आवाजात. आणि तिने पुरीचा तुकडा मोडला.