कान्हूच्या हाऊसबोटीचे पहिले पाहुणे

कंपनीतून रिटायर झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर बायकोच्या पायात पायात येतात. कान्हूने हाऊसबोट काढली. मित्रांबरोबर केरळला गेला, तिथे एक रात्र बोटीवर झोपला आणि डोक्यात किडा शिरला. रोह्यात अष्टमीच्या पुलाखालच्या अंगाला रेतीची एक जुनी बोट पडून होती. ती घेऊन त्याने वर पत्रा टाकला, फुलाफुलांचे पडदे लावले आणि आता आपण हॉटेलवाले झालो असं स्वतःला सांगून टाकलं. बाकी कोणी ते मानायला तयार नव्हतं.

बायको गोदूबाई तर मुळीच नाही. "पयले पाव्हने एका रात्रीत पळाले ना, तर बोट भंगारात घालायची. पुना नाव काढायचा नाय," तिने बजावलं. कान्हू 'व्हय' म्हणाला. सगळी नोकरी त्याने सुपरवायझरला हेच म्हणण्यात घालवली होती.

पहिले पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी आले. एलिजा आणि नाओमी, सत्तरी ओलांडलेले नवराबायको, इस्रायलहून. एलिजाचा जन्म रोह्याजवळच्या खेड्यातला, लहानपणीच आईबापांबरोबर तिकडे गेलेला; नाओमीही मूळची इकडचीच. "एक रात ऱ्हातो. बरा वाटला तर आनखी दोन," तो म्हणाला. अंधार पडायच्या आधी नाओमीने दोन मेणबत्त्या लावल्या. बोटीवर वीज आहे हे बाईंना कळलेलं दिसत नाही, असं वाटून कान्हूने धावत जाऊन ट्यूबलाइट लावली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. ती मिळाली नाही.

सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. शेजारच्या प्रवीणची ईको गाडी काठावर आणून ठेवलेली. पेणला जायचं, गणपतीचे कारखाने दाखवायचे, संध्याकाळी परत.

"नमस्कार. आज आपण पेण शहराचे दर्शन घेणार आहोत," आरशासमोर पाठ केलेलं वाक्य त्याने न अडखळता म्हटलं.

"माझ्याशी बातम्या वाचल्यासारखा काय बोलतोस रे?" एलिजा म्हणाला. "आन् आज शनवार. आमी गाडीत बसत नाय."

कान्हूने कपाळावर हात मारला. त्याच्या गावात ह्या ज्यू लोकांची चार घरं होती. शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद, चूल बंद. आजी त्यांना शनवार तेलीच म्हणायची. हे ज्याला जन्मापासून ठाऊक, त्याने टॉवेलचा हंस कसा करतात ते मोबाइलवर शिकून घेतलं आणि शनिवार तेवढा विसरला. ईको रिकामी परत गेली.

"चालत रोहा दाखव की," नाओमी म्हणाली. "पेण उद्या बघू."

उद्या म्हटल्यावर कान्हूच्या जिवात जीव आला. पुलावर थांबवून त्याने त्यांना नदी दाखवली, जी ते कालपासून बघतच होते. मग बाजारपेठ, मग एसटी स्टँड. "हिथून धाटावची बस मिलते," तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. खरं तर रोह्याबद्दल त्याला तेवढंच पक्कं ठाऊक होतं. सगळं आयुष्य तो धाटावच्या कंपनीच्या शिफ्टच्या बसमध्ये झोपून ह्या शहरातून गेला होता. दुपार व्हायच्या आत शहर संपलं.

परत आले तर बोट चिखलात एका कुशीवर कलंडलेली. ओहोटी लागली होती. चढायची फळी अधांतरी लोंबत होती आणि नाओमीने आदल्या दिवशी करून ठेवलेलं जेवण आत अडकलं होतं.

"तुझा बाप मिठागरावर होता म्हनलास ना?" एलिजाने विचारलं.

"व्हय."

बाप झोपेतसुद्धा भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचा. पोराने मात्र सगळे दिवस कंपनीच्या भोंग्यावर काढले आणि खाडीपण भोंग्यावर चालते असं धरून बसला. पेणला गेले असते तर संध्याकाळच्या भरतीला परतले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. कान्हूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोट भंगारात जाणार हे त्याने धरूनच टाकलं आणि उपाशी पाहुण्यांना घरी नेलं.

गोदूबाईने पाट मांडले. भिजवलेले पोहे, सकाळीच खवलेलं खोबरं आणि गूळ कालवून तिने ताटल्या पुढे केल्या. "चूल पेटवली नाय. खावा."

पहिल्या घासालाच नाओमीचे डोळे भरले. "गो, आमच्यात नवस फेडताना असाच मलिदा करतात. माझी आई करायची." मग दोघी जणी आपापल्या आयांबद्दल जे बोलत बसल्या, ते दिवस कलला तरी उठल्या नाहीत.

संध्याकाळी पाणी चढलं. बोट सरळ झालेली बघून कान्हू धापा टाकत घरी आला. "चला, बोट उबी ऱ्हायली."

एलिजा त्याच्याच खाटेवर लवंडला होता. "आमी दोन दिस आनखी ऱ्हातो," तो म्हणाला. "पन हिथंच. गोदूबाईकडं."

"आतली खोली दिली त्यांना," गोदूबाई म्हणाली आणि कान्हूच्या हातात उशी दिली. "तुमी बोटीवर झोपा."

पाहुणे पळाले नव्हते, म्हणजे बोट भंगारातून वाचली होती. ह्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण पाहुणे राहिले ते आपल्या बोटीवर नाहीत, हे त्याला फार लागलं. पुलावरचे दिवे लागत असताना तो स्वतःच्या हाऊसबोटीवर पहिल्यांदाच आडवा झाला. गादीखालची फळी बरोबर पाठीत टोचत होती आणि पडद्यांना चिखलाचा वास मारत होता. काल रात्रीच्या ओहोटीतही बोट कलंडली असणार, तरी ही दोघं म्हातारी माणसं इथे झोपली आणि सकाळी त्याबद्दल अवाक्षर बोलली नाहीत. कान्हू कूस बदलत राहिला.